माळा रिकामा करायचाय : जुनी खेळणी ऑनलाइन विकतानाचे हाल

पोटमाळा

मंडळी, आमची सोसायटी एकदाची पुनर्विकासाला गेली. डिसेंबरअखेर चाव्या द्यायच्या आहेत आणि भाड्याचं जे घर मिळालंय त्याला माळाच नाही. बायकोचं म्हणणं साधं आहे : दोन ट्रंकांपैकी एकच येईल, कुठली ते तू ठरव. एकीत माझ्या आईची पितळी भांडी, दुसरीत माझी खेळणी. म्हणजे ठरवायला काही ठेवलेलंच नाही.

माझ्या ट्रंकेत फनस्कूलचे जी. आय. जो आहेत, मोजून त्रेसष्ट. शिवाय चाळीसेक गाड्या, लिओ कंपनीने मॅटेलच्या परवान्यावर इथे काढलेल्या हॉट व्हील्स. ज्यांचं बालपण या भानगडीशिवाय गेलं त्यांच्यासाठी : जी. आय. जो म्हणजे पावणेचार इंची प्लास्टिकचे सैनिक. या मापाचे हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत १९८२ साली आणले. आपल्याकडे ते काढले फनस्कूलने, म्हणजे एमआरएफने १९८७ साली हॅस्ब्रोबरोबर उभी केलेली कंपनी. कारखाना गोव्यात, कोर्लीमला. साचे अमेरिकेचे, पण रंग बरेचदा आपले. तिकडे हिरवा असलेला गडी इकडे भलत्याच रंगात. म्हणूनच आज अमेरिकेतले संग्राहक आपला माल शोधत असतात.

तर आधी गेलो एका मोठ्या शॉपिंग साइटवर. विक्रेता म्हणून खातं उघडलं आणि फॉर्म सुरू झाला. बारकोड टाका. ब्रँडचं परवानगीपत्र जोडा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र जोडा. खरेदीचं बिल जोडा, एकशेऐंशी दिवसांच्या आतलं. अहो, बाबांनी १९९१ साली दादरला घेतलेलं खेळणं, त्याचं बिल त्याच दिवशी खिशातून धोब्याकडे गेलं असणार. 'वस्तूची स्थिती' या रकान्यात दोनच पर्याय : नवीन आणि नूतनीकृत. 'जुनी आहे, तेच तर तिचं मोल' असा पर्याय नाही. तीन वेळा अर्ज केला, तीनदा फेटाळला. कारण एकच : अपूर्ण माहिती.

मग जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट. तिथे फॉर्म नाही, पण माणसं आहेत. पहिल्या दिवशी सव्वीस मेसेज आले. त्यातले अकरा नुसते 'अव्हेलेबल?' हो म्हटलं की पुढे शांतता. सात जण 'लास्ट किती?' अजून पहिलं किती ते वाचलेलं नाही, लास्ट हवंय. एकाने विचारलं, 'रिमोट आहे का सोबत?' आणि एक फौजी. त्याने कँटीन कार्डाचा फोटो पाठवला, पोस्टिंग जैसलमेर सांगितलं, सगळा लॉट घेतो म्हणाला, भावसुद्धा केला नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. 'ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील.' माझं बोट पिनवर होतं. मुलीने फोन हिसकावून घेतला म्हणून वाचलो.

तिसरा प्रकार सगळ्यात जिव्हारी लागला. संग्राहकांसाठीची म्हणवणारी एक साइट आहे, पैसे मध्ये धरून ठेवतात आणि ग्राहकाला वस्तू मिळाली की आपल्याला देतात. तिथे मी फ्लिंट विकला. तिरकी काळी बेरेट घातलेला गडी, माझा सर्वात लाडका. बाराशे रुपये. सोबत पाठपिशवी आणि बंदूक. ग्राहक कोइमतूरचा. पार्सल पोचलं आणि त्याच संध्याकाळी दावा : 'बंदूक मिळाली नाही, गुडघ्यात माती आहे, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.'

बंदूक मी माझ्या हाताने ठेवली होती. साइटने माझं ऐकलंच नाही, त्याला पूर्ण परतावा दिला, येण्याजाण्याचा खर्च माझ्या माथी. फ्लिंट परत आला तो अंगठा तुटून. एकशे चाळीस रुपये कुरियर जाताना, एकशे चाळीस येताना, आणि हातात थोटा फ्लिंट.

कुणाला असले अनुभव? आणि हा माल विकायचा तरी कुठे?

---

लोखंडी_चाक

+१. फ्लिंटबद्दल वाईट वाटलं. अंगठा गेला की तो गडी कुठलीच बंदूक धरू शकत नाही, संग्राहकाच्या लेखी निम्मा मेला.

मी डायकास्टवाला, म्हणजे धातूच्या ओतीव छोट्या गाड्या जमवणारा, नाशिक. तुमचा फॉर्म तरी तुम्हाला अडवतो, आमच्याकडे उलट आहे. कुणालाही अडवत नाहीत. हॉट व्हील्समध्ये 'ट्रेझर हंट' हा मोजक्याच काढलेल्या गाड्यांचा प्रकार १९९५ साली सुरू झाला, तेव्हा बारा गाड्या आणि प्रत्येकी दहा हजार नग. २००७ पासून त्यात 'सुपर' आली. सुपरचा रंग काचेखालच्या सरबतासारखा चमकतो आणि चाकांना खरं रबर असतं. हल्लीच्या कार्डावर (गाडी ज्या पुठ्ठ्यावर येते तो) गाडीच्या मागे सोनेरी ज्वाळेचं चिन्ह असतं. साधी ट्रेझर हंट असेल तर चिन्ह रुपेरी.

आता भामटेगिरी ऐका. साध्या गाडीचा तळाचा रिव्हेट ड्रिलने काढतात, दुसऱ्या गाडीची रबरी चाकं बसवतात, रिव्हेटच्या जागी स्क्रू किंवा गोंद, आणि 'सुपर, लूज, मिंट' (पाकिटाबाहेरची, पण नव्यासारखी) म्हणून साइटवर. फोटो वरून काढलेला, तळाचा नाहीच. मी नेहमी तळाचा फोटो मागतो. चार विक्रेत्यांपैकी तीन तिथेच गप्प होतात. त्यामुळे झालंय असं, की माझ्यासारखा प्रामाणिक माणूस तळाचे सहा फोटो टाकतो तरी ग्राहक विचारतो, 'भाऊ, ओरिजिनल ना?'

---

ढब्बू_मिरची

मला एक कळत नाही. इतकी खेळणी, इतका जीव, मग अनाथाश्रमात का नाही देत? बाराशे रुपयांसाठी कोइमतूरच्या माणसाशी भांडण्यापेक्षा कुणा पोराच्या चेहऱ्यावरचं हसू बघा.

---

लोखंडी_चाक

@ढब्बू_मिरची, आला का तो प्रतिसाद! प्रत्येक धाग्यावर येतोच. ताई (की दादा?), तीस वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकचा सैनिक हातात घेतला की कोपर तुटतं. लहान पोराला देऊन त्याच दिवशी रडवायचं का? आश्रमाला नवी सायकल द्या, मी वर्गणी देतो.

---

पोटमाळा

ढब्बूताई, विचार आला होता, खोटं नाही सांगत. पण यातल्या निम्म्यांचे पाय आत्ताच गळून पडलेत. या सैनिकांच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते, तिच्यावर कंबर आणि पाय टांगलेले असतात. रबर सुकलं की तुटतं, मग वरचं धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पाठीत एकच स्क्रू. तो उघडायचा, नवी रिंग घालायची, बंद करायचा. ऐकायला सोपं आहे. मुंबईच्या दमट हवेत तो स्क्रू गंजून बसलेला असतो, एक थेंब तेल टाकून रात्रभर ठेवायचा, आणि सकाळी देवाचं नाव घेऊन पेचकस लावायचा. खाच गेली तर संपलं. मी आत्तापर्यंत एकोणीस उघडलेत, दोघांची पाठ फुटली.

आणि गुडघ्यातल्या मातीबद्दल सांगायचं राहिलं. ती खरी आहे. फ्लिंट दर दिवाळीत आमच्या किल्ल्यावर असायचा. महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर आणि फ्लिंट पूर्वेच्या बुरुजावर, कारण तिथल्या मावळ्याचं मुंडकं १९९२ सालीच उडालं होतं. वर अळीव पेरलेले, रोज पाणी मारायचं. ती माती आहे ती. मी टूथब्रशने काढायचा प्रयत्न केला, मग म्हटलं राहू दे. जाहिरातीत लिहायला हवं होतं हे मान्य. पण कुठल्या रकान्यात लिहू?

---

शहाणी_सून

बुरुजावरचा फ्लिंट!! हसून हसून पुरेवाट. आमच्या किल्ल्यावर प्लास्टिकची गाय आणि एक डायनासोर असायचा, पहाऱ्याला.

एक सुचवू का? वर्णनात तेच लिहा. 'गुडघ्यात १९९० च्या दशकातल्या दिवाळी किल्ल्याची माती.' मी असती तर शंभर रुपये जास्त दिले असते.

---

सीए_वऱ्हाडी

भाऊ, फॉर्मचं टेन्शन नका घेऊ, त्यामागची गंमत सांगतो. (मी तुमचा सीए नाही, फुकटात मिळालेला सल्ला फुकटाचा समजा.)

बीआयएस कशाला मागतात? खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या पोरांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहिजे. तुमचा सैनिक १९९१ चा, तेव्हा हा आदेशच नव्हता. पण साइटच्या यंत्रणेला साल कळत नाही, तिला 'खेळणी' हा शब्द दिसला की ती कागद मागते.

जीएसटीचं असं, की ई-कॉमर्स साइटवरून माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान माणसाला सवलत मिळाली. उलाढाल मर्यादेच्या आत पाहिजे, आपल्याकडे मालासाठी ४० लाख, आणि माल राज्यातल्या राज्यात विकायला पाहिजे. मग पोर्टलवर नुसती नावनोंदणी करून क्रमांक मिळतो. म्हणजे मुलुंडहून कोल्हापूरला चालते, बेळगावला नाही. (बेळगाववर इथे सुरू करू नका, हात जोडतो.)

खरं तर स्वतःच्या वापरातली जुनी वस्तू एकदा विकणं हा धंदाच नाही. प्राप्तिकरातही वैयक्तिक वापराच्या वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं वगैरे सोडून. तुमचा फ्लिंट शिल्पात बसत नाही, काळजी करू नका. पण जुन्या बाजारातून आणून आणून विकायला लागले तर तो धंदा झाला, मग या माझ्याकडे. फी घेतो.

---

निमूट_वाचक

तीन वर्षं नुसता वाचतोय, आज लॉगिन केलं. माझे काका त्याच 'फौजी'ला भेटले होते. सोफा विकत होते. अठ्ठावीस हजार गेले.

यूपीआयचा नियम एकच, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपण दिले. असं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडकायची शक्यता जास्त. काकांनी लाजेपायी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही.

---

एडिसनचा_अण्णा

मी या बाजूचा. म्हणजे ग्राहक. न्यू जर्सीत एकवीस वर्षं, जी. आय. जो गोळा करतो, आणि बायको तुमच्या बायकोसारखीच बोलते.

फनस्कूलला इथे खरोखर मान आहे. दोन हजार सालाच्या आसपास इथले डीलर तिकडून सीलबंद माल मागवायचे, कारण हॅस्ब्रोने जे साचे केव्हाच बाजूला ठेवले होते त्यातून तिकडे माल निघत होता. इथल्या लोकांना भारतातला पत्ता उच्चारता येत नाही, पण कोर्लीम माहीत.

पोटमाळा, तुम्हाला राग येईल, तरी विचारतो. पॅक करतानाचा व्हिडिओ आहे का? कोइमतूरवाल्याची बाजू मी रोज जगतो. बंदूक नसलेला फ्लिंट मलाही आलाय, दोनदा. शिवाय बंदुका नकली निघतात, हल्ली कुणीही घरी थ्रीडी प्रिंटरवर काढतो. नखाने दाबली की कळतं, जुनं प्लास्टिक किंचित वाकतं, छापलेलं कडक असतं. चार वेळा फसलेला ग्राहक पाचव्या विक्रेत्याशी चोराशी बोलावं तसं बोलतो. बरोबर नाही, पण होतं.

दुसरं, इकडे विकायचा विचार असेल तर आत्ता जरा जपून. आधी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल इथे बिनशुल्क यायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. त्या गोंधळात टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं. माझा मेजर ब्लड (एका डोळ्यावर पट्टी, जी. आय. जोच्या शत्रूंच्या, म्हणजे कोब्राच्या टोळीतला) तेव्हा ठाण्याच्या एका काकूंच्या कपाटात अडकला. त्या बिचाऱ्या दर आठवड्याला पोस्टात जाऊन विचारायच्या आणि मला व्हॉइस मेसेज पाठवायच्या, 'आज पण नाही म्हणाले हो.' १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, पण आता शुल्क पाठवतानाच भरावं लागतं. बाराशेच्या सैनिकावर टपाल आणि शुल्क मिळून सैनिकापेक्षा जास्त होतं. दहाचा लॉट करून पाठवला तरच काही अर्थ.

---

पोटमाळा

अण्णा, व्हिडिओ नाही. चाळीस वर्षांचा संसार पॅक करतोय, एकेका सैनिकाचा व्हिडिओ कुठे काढू? पण बंदूक मी ठेवली होती. छोट्या पारदर्शक पिशवीत, पाठपिशवीबरोबर. मला स्पष्ट आठवतंय.

---

लोखंडी_चाक

अण्णा, तुम्ही अमेरिकेत बसून कोइमतूरवाल्याची वकिली करू नका. माणसाने बंदूक काढून घेतली, पैसे परत घेतले आणि अंगठा मोडून पाठवला. याला इकडे दरोडा म्हणतात.

बाय द वे, शुल्काचं रडगाणं आपल्याकडेही आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ ला ७०. देशी उद्योगाला मदत म्हणून ठीकच असेल. पण त्यामुळे इथे एखादी वेगळी गाडी आली की दुकानात पोरांच्या आधी दलाल पोचतात. माझा पुतण्या सहा वर्षांचा. त्याने मला विचारलं, 'काका, हिरवी गाडी दुकानात का नसते, मोबाइलमध्येच का असते?' दुकानातल्या पोऱ्याशी संधान बांधून पेटी उघडायच्या आधीच चांगल्या गाड्या बाजूला काढतात. संध्याकाळी त्याच गाड्या तिप्पट भावाने ग्रुपवर. वर मेसेज : 'ओन्ली सीरियस कलेक्टर्स.'

---

ढब्बू_मिरची

आणि तुम्ही त्यांच्याकडून घेता की नाही?

---

लोखंडी_चाक

...घेतो. काय करणार.

---

जुना_बाजार_रविवार

पुणेकर. मी थोडा वेगळा सूर लावतो. मी २००२ पासून ऑनलाइन विकतोय. आधी बाझी डॉट कॉम, मग २००४ ला ते ईबेने घेतलं, मग पैसापे आलं. पैसे मध्ये राहायचे, लोक एकमेकांना 'प्रिय सर' लिहायचे. १४ ऑगस्ट २०१८ ला इथलं ईबे बंद झालं. आता त्यावरून फक्त परदेशात विकता येतं. त्या दिवसापासून देशातल्या देशात जुनी वस्तू विकणाऱ्याला घर राहिलं नाही असं माझं मत. आज जे आहे ते एक तर नव्या मालाचं दुकान, नाही तर रस्त्यावरची गर्दी. मधलं काही नाही.

म्हणून मी परत जमिनीवर आलोय. बुधवार-रविवार जुन्या बाजारात पथारी टाकणारा एक मित्र आहे, त्याच्या शेजारी बसतो. भाव कमी मिळतो. पण माणूस समोर बसून गाडीची चाकं फिरवून बघतो, नोटा मोजतो आणि जातो. परतावा नाही, दावा नाही, स्टार नाहीत. एक म्हातारा दर महिन्याला येतो, फक्त बसगाड्या घेतो. का ते तो सांगत नाही, मी विचारत नाही.

अवांतर : व्यापाऱ्याला सगळा लॉट देऊ नका. ते ट्रंकेकडे बघतात आणि वजनावर बोलतात.

---

कुर्टीकार

फोंड्याहून. हा धागा मी मामीला वाचून दाखवला. मामी लग्नाआधी कोर्लीमला पॅकिंगला होती, नव्वदच्या सुमाराला. पोटमाळांनी फोटो टाकलाय तो मोठा करून दाखवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, 'हे आमचेच शिपाई.'

मग म्हणाली, दिवसभर तेच ते हात, तीच ती डोकी, रात्री डोळे मिटले की शिपाई दिसायचे. एवढ्या वर्षांनी लोक त्यांना बाराशे रुपये देतात हे तिला पटेना. मी अण्णांचा प्रतिसाद वाचला, अमेरिकेत मान आहे वगैरे. तर म्हणते, 'मग आमकां कोणी सांगूंक ना मरे!'

तिचा एक प्रश्न आहे. बंदूक आणि पिशवी वेगळ्या पुडीत ठेवली होती म्हणता, मग ती पुडी पेटीला चिकटवली होती का? 'सुट्टी टाकली तर ती टाकणाऱ्याच्याच टेबलावर राहते, आमच्याकडे दहादा व्हायचं.' हे तिचं वाक्य, माझं नाही.

---

पोटमाळा

मामींना नमस्कार सांगा. चिकटवली नव्हती. पण ठेवली होती.

---

शहाणी_सून

'पण ठेवली होती' हे मला माझ्या नवऱ्याच्या आवाजात ऐकू आलं.

---

लोखंडी_चाक

पोटमाळा, पुढच्या वेळेसाठी माझी पद्धत. पॅक करताना मोबाइल ग्लासला टेकवून उभा करायचा, एका दमात चित्रीकरण : वस्तू, सुटे भाग, तळ, मग खोका, मग चिकटपट्टी, मग पत्त्याचं लेबल. मध्ये कट नाही. गाडी असेल तर कार्डाचे चारही कोपरे दाखवायचे, कारण 'कोपरा मऊ आहे' हा लोकांचा आवडता दावा. आणि कुरियरवाला वजन खोक्याच्या आकारावरून धरतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार. एवढ्याशा सैनिकाला बुटाचा खोका लावलात तर दीड किलोचे पैसे द्याल. साबणाचा खोका बघा.

---

पोटमाळा

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय. सामान हलवणं चालू आहे.

आधी चांगलं सांगतो. धाग्यावरच्याच एकाने (नाव सांगू नका म्हणाला) व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, ठाणे स्टेशनला भेटलो, फलाट दोनच्या पुलाखाली. बत्तीस सैनिक घेतले. सोबत त्याची आई होती. त्याने एकेक काढून गुडघे वाकवून बघितले. आई म्हणाली, 'किती वेळ लावतोस, त्यांना डोंबिवलीला जायचं असेल.' मला मुलुंडलाच यायचं होतं, पण मी काही बोललो नाही. पैसे रोख मिळाले. लिओच्या गाड्या पुण्याला 'जुना_बाजार_रविवार' यांच्या पथारीवर पाठवतोय, निम्मी निम्मी वाटणी ठरलीये. सीए साहेब, हा धंदा नाही ना?

आता दुसरं. काल टेबलाचा खण रिकामा केला. त्यात चिकटपट्टीचं रीळ होतं, ते ब्राउन रुंद असतं ना, पुठ्ठ्याच्या कड्याचं. रीळ उचललं तर कड्याच्या आतल्या बाजूला, चिकटपट्टीच्या सुटलेल्या टोकाला, एक पारदर्शक पुडी चिकटली होती. पुडीत बंदूक. पाठपिशवी नाही, ती गेली होती त्याच्याबरोबर. नुसती बंदूक.

दहा मिनिटं तसाच बसलो. मुलगी म्हणाली, 'बाबा, काय झालं?' म्हटलं काही नाही.

त्या माणसाला मी साइटच्या चॅटवर बरंच काही लिहिलं होतं. 'युवर टाइप ऑफ पीपल' असं सुद्धा लिहिलं होतं. आता क्षमा मागायला गेलो तर साइट म्हणते, हा दावा बंद झाला आहे, संभाषण उपलब्ध नाही. मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं : 'आपल्या समस्येचं निराकरण झाल्याचं पाहून आनंद झाला.'

---

एडिसनचा_अण्णा

हे इथे येऊन लिहिलंत, कमाल आहे तुमची. अंगठ्याचं मग काय म्हणायचं?

---

पोटमाळा

अंगठा त्याच्याकडे तुटला की येताना कुरियरमध्ये, आता कसं सांगणार. दुसरी कुठली बंदूक धरायला देऊन बघितली असेल. मीही तेच केलं असतं.

---

लोखंडी_चाक

दरोडा हा शब्द मागे घेतो.

---

कुर्टीकार

मामीला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण चहा ठेवताना हसत होती.

---

सीए_वऱ्हाडी

धंदा नाही, भाऊ. झोपा निवांत. पण त्या कोइमतूरवाल्याचा पत्ता कुरियरच्या पावतीवर असेल ना?

---

पोटमाळा

आहे. पावती सापडली, गॅसच्या बिलांत होती. आज दुपारी स्पीड पोस्टने पाठवलं, थोटा फ्लिंट आणि बंदूक दोन्ही. पैसे मागितले नाहीत. चिठ्ठी इंग्रजीत लिहिली, मुलीने दोनदा तपासली. बंदूक पुठ्ठ्याला आडवी चिकटपट्टी लावून बसवली आणि पुठ्ठा खोक्याच्या झाकणाला. व्हिडिओ काढला.

गुडघ्यातली माती तशीच ठेवली, पण या वेळी चिठ्ठीत लिहिलं ती कुठली ते.

अजून तीसेक सैनिक शिल्लक आहेत. अठरा जणांच्या रिंगा बदलायच्या राहिल्यात. आमच्याकडचा हार्डवेअरवाला म्हणतो हे माप मिळणार नाही. कुणाला ठाऊक आहे का मुंबईत बारीक ओ-रिंग सुट्ट्या कुठे मिळतात? शंभरचं पाकीट नको.

---

शहाणी_सून

लोहार चाळीत विचारलंत का? नमुन्याला एक रिंग घेऊन जा, तुटकी का होईना. आणि शनिवारी दुपारनंतर जाऊ नका.